चालकाचा जबाब

तांडा, बोरी अरबजवळ
दि. २१ सप्टेंबर २०२५, रविवार

शब्बीर,

भीमसिंगचा जय सेवालाल अन् सलाम. जुबैदाभाभीले नमस्कार सांगजो. इकडे आम्ही बरे आहो. पाऊस रोज येऊन राह्यला, कपाशी पिवळी पडून राह्यली. सुखीचा पाय आता गुडघ्यात वाकते, पण काठी सुटली नाही. तिकडे मारेगावले तुम्ही सारे खुशाल असान.

पत्र पाहून तुले नवल वाटन. काय करू? तुहा फोन लागत नाही. बारा वेळा लावला. लखन पुण्याहून म्हणे, "बाबा, शब्बीरकाकानं तुम्हाला ब्लॉक केलं असेल." म्हटलं, करू दे. टपाल तं कोणी ब्लॉक करत नाही. पत्ता लग्नाच्या कार्डावरून घेतला.

पत्रास कारण टायर.

हसू नको. तीन आठवडे झाले, ह्या चार टायरांनी माहं डोक्स खाल्लं. माहनूरचं लग्न बारा ऑक्टोबरले. सुखी म्हणते मी जाईनच. तुह्या पोरीनं दोन वर्षांची असताना आठ महिने आमच्या तांड्यात काढले, भाभी दवाखान्यात होती तवा. अजून सुखीले मोठी अम्मी म्हणते. तिच्या लग्नाले सुखी घरी बसन काय? पण मांडीत रॉड टाकलेली बाई दोन-तीन एसट्या बदलत मारेगावले पोचन कशी? म्हणून वर्षभर अंगणात कोंबड्या बसत होत्या ती गाडी धुतली, चालू केली. इंजिन ठीक आहे. प्रश्न टायरचा.

लखनले सांगतलं अन् तिथंच चुकलो. पोट्टा रात्रंदिवस मोबाइलवर टायरचे व्हिडिओ पाठवते. म्हणे, "बाबा, रिम कंपनीच्याच राहू द्या, त्यावर रुंद टायर घाला. जमीन जास्त धरते." मले न विचारता मागवूनही टाकले. दारव्ह्याले जाऊन बसवले. तुह्या बोरीच्या दुकानात नेणार होतो, पण साजिद माह्याकडे पाहतच नाही, मान खाली घालून पंक्चर काढते. पोरगं बापावर गेलं.

सडकेवर गाडी मस्त चालली. म्हटलं, पोट्ट्याले अक्कल आहे. मंग तांड्याच्या रस्त्यावर वळलो. आपली काळी माती! पन्नास पावलं गेलो नसन तं चिखल टायरले चिकटला. टायर रुंद, मडगार्डात जागा नाही, चिखल आत दाबून बसला अन् चाकच फिरेना. ना पुढे, ना मागे. घरून खुरपं आणलं अन् या वयात गाडीखाली पालथा पडून दीड तास माती कोरली. सुखी बांधावर काठी टेकून उभी. म्हणे, "निंदण चांगलं करता तुम्ही, आपल्या वावरात कधी केलं नाही ते."

लखनले फोन केला तं तो म्हणे, टायर बरोबर आहेत, तुमचा रस्ता खराब आहे. म्हटलं, मंग रस्ताही मागव बापा कुरियरनं!

ते टायर त्याले परत केले अन् जुनेच घातले. हो, तेच, तू बसवलेले. सुखीचा पाय दाखवाले परवा यवतमाळले गेलतो, म्हटलं तिथंच पाहू. तिथं तं एकापेक्षा एक. पयला दुकानदार म्हणे, नरम रबराचा घ्या, ओल्यात चांगला धरते. दुसरा म्हणे, मोठ्या दातांचा घ्या, चिखलात थांबणार नाही. म्हटलं, अन् ओल्या डांबरावर? तं म्हणे, तिथं जरा सांभाळून. तिसरा म्हणे, काका, रिमच मोठ्या टाका, गाडी भारी दिसन. अरे, मी लग्नाले जाऊन राह्यलो का शर्यतीले? तू असता तं एका मिनिटात सांगतलं असतं अन् वरून दोन शिव्या हासडल्या असत्या. ह्या लोकांच्या गोड बोलण्यापेक्षा त्या परवडल्या असत्या.

चौथं दुकान संघदीप नावाच्या माणसाचं. चाळिशीचा असन. त्यानं एकही टायर दाखवला नाही. खाली बसला, माह्या जुन्या टायरवरून हाताचा पंजा फिरवला. असा, आडवा, एका कडेकडून दुसऱ्या कडेपर्यंत.

शब्बीर, तो पंजा पाहून मले तू दिसला. तूही असाच फिरवला होता.

मागच्या ऑगस्टची गोष्ट. नाल्याच्या वळणावर म्हैस आडवी आली, मी ब्रेक दाबला, गाडी साबणावरून गेल्यासारखी गेली अन् बाभळीवर आदळली. सुखीच्या बाजूनं. तू जॅक घेऊन पळत आलता. तिले काढलं, तुह्याच ओळखीच्या गाडीत टाकलं. मंग गाडी सरळ करताना तू पुढच्या टायरवरून पंजा फिरवला अन् माह्याकडे पाह्यलं. बोलला काहीच नाही. मले वाटलं, याच्या मनात चोर आहे म्हणून बोलत नाही.

अन् पुढच्या बाजारी मी चहाच्या टपरीवर, पन्नास माणसांपुढे ओरडलो, "शब्बीरनं जुने टायर नवे म्हणून घातले. एकतीस वर्षं एसटी चालवली, एक अपघात नाही. माह्या हातून गाडी जाते काय? टायरनं खाल्लं माह्या बायकोले!" तू समोर उभा होता, पंक्चरच्या पाण्याच्या टोपल्यापाशी. मले वाटलं भांडशील. तू हात पुसले अन् आत गेला. चार महिन्यांनी ऐकलं, गिऱ्हाईक तुटलं, दुकान साजिदवर टाकून तू मारेगावले सासऱ्याच्या गावी गेला. तवाही मले वाटलं, पाहा, खरं होतं म्हणून गेला.

तं संघदीप मले म्हणे, "काका, हे पाहा. मधली पट्टी गुळगुळीत आन् दोन्ही कडांचे दात नव्यासारखे. टायर चांगला होता. हवा लय जास्त भरली यात. टायर मधातून फुगते, तेवढाच भाग जमिनीले लागते. ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला का गाडी गेलीच." मंग ड्रायव्हरचं दार उघडून आतली चिठ्ठी दाखवली. तिथं छापलेलं आहे, हवा किती, टायर कोणत्या मापाचा. पाच वर्षं झाली ती गाडी माह्याकडे, मी ती चिठ्ठी कधी वाचली नाही. मले कायले लागते चिठ्ठी?

मंग त्यानं विचारलं, "हवा कोण भरत होतं?"

आता ऐक. हे लिहाले मी सकाळपासून तीन कागद फाडले.

तुले माहीत आहे, डेपोत आम्ही गाडी काढायच्या आधी काय करतो. टॉमी घ्यायची, ती लोखंडी पहार, अन् सहाच्या सहा टायरले एकेक ठोका. टण वाजलं तं हवा बरोबर, भद्द वाजलं तं कमी. एकतीस वर्षं रोज पहाटे. रिटायर झालो तवा ती टॉमी घरी आणली. तू टायर बसवले, बत्तीस हवा भरली, म्हणे, भीम, याले हात लावू नको. दुसऱ्या दिवशी मी टॉमी घेऊन ठोकले. भद्द. चारही. म्हटलं, शब्बीर म्हातारा झाला, हवा कमी भरते. पंपावर गेलो, अठ्ठेचाळीस भरली. पंपवाला म्हणे, काका, लहान गाडी आहे, जास्त होते. म्हटलं, तुह्या जन्माआधीपासून गाडी चालवतो. घरी येऊन ठोकलं. टण! मंग कुठं जिवाले बरं वाटलं. दर पंधरा दिवसांनी भरत होतो. लहान गाडीचं टायर बसच्या टायरसारखं वाजतच नसते, हे माह्या डोक्यात कधी आलंच नाही. आजवर कोणाले विचारलंही नाही.

म्हणजे हवा मीच भरत होतो. अन् संघदीपनं विचारलं तवा माह्या तोंडातून काय निघावं? "आमच्या गावचा मिस्त्री."

दुसऱ्यांदा, शब्बीर. सारं समजल्यावर. तुहं नाव घेतलं नाही म्हणून काही कमी होत नाही.

सुखी मागे खुर्चीवर बसली होती. तिनं ऐकलं. उठली, काठी घेतली अन् चालाले लागली. म्हटलं, कुठं? म्हणे, "ष्टँडवर. पंपावर दर खेपेले मी गाडीत बसून होती. मी आंधळी नोती. वर्षभर वाट पाह्यली, आज बोलान, उद्या बोलान. माहा पाय गेला ते मी सोडलं. पण भावाचं दुकान गेलं, ते कोणी सोडायचं?" म्हटलं, सुखे, गाडीत बस, लोक पाहून राह्यले. म्हणे, "शब्बीरभाऊ स्वतःच्या हातानं टायर बसवन अन् हवा भरन, तवाच बसन मी या गाडीत. नाही तं माह्यासाठी एसटी आहे, अर्धं तिकीट लागते." अन् गेली बसून दारव्ह्याच्या गाडीत!

मी काय करणार? यवतमाळपासून बोरीपर्यंत त्या एसटीच्या मागे मागे गाडी चालवली. तिसाच्या वर काटा नेला नाही. एसटी थांबली का मी थांबू. मागच्या खिडकीतून तिचा पदर दिसत होता. एकतीस वर्षं मी पुढे होतो अन् दुनिया मागे, परवा पयल्यांदा धूर खाल्ला. फाट्यावर उतरली अन् चिखलातून पायी तांड्यात गेली, माह्याकडे पाह्यलं नाही. दोन दिवस झाले, ताट वाढते, बोलत नाही.

कार्ड तिच्या पेटीत आहे. साजिद स्वतः देऊन गेलता, तिच्या हातात. त्यावर "सौ. सुखीबाई राठोड" एवढंच लिहिलं आहे. अक्षर तुहं आहे, मी ओळखलं. तवा मले भल्ला राग आला होता. म्हटलं, पाहा, किती माज! आता वाटते, तू बरोबर लिहिलं. जिचं नाव असाले पायजे तिचंच लिहिलं.

पण एक गोष्ट मले समजत नाही अन् तिचाच जास्त संताप येते. तुले तर तवाच दिसलं होतं! पंजा फिरवला तवाच समजलं होतं तुले. मंग बाजारात बोलला काहून नाही? एक शब्द बोलला असता, भीम, हवा कोणी भरली, तं माहं तोंड तिथंच बंद झालं असतं. तुहं दुकान राह्यलं असतं. माही इज्जत वाचवाले कोणी सांगतलं होतं तुले? बायको तिकडे दवाखान्यात पडली, तिचा गुन्हेगार मीच आहो, हे पन्नास लोकांत मले समजू नये म्हणून गप्प बसला ना? असा कसा माणूस आहेस बे तू! वर्षभर मी तुले शिव्या देत फिरलो अन् तू ऐकत राह्यला.

काल बोरीचा बाजार होता. पुढचं टायर काढलं, डोक्यावर घेतलं अन् त्याच टपरीवर गेलो. तवा माहं ओरडणं ऐकलेले सदाशिवराव होते, बाकीचेही बरेच होते. टायर बाकड्यावर ठेवलं, मधली पट्टी दाखवली अन् सांगतलं, हवा मी भरली. कोणी हसलं, कोणी म्हणे जाऊ द्या आता. मी जाऊ दिलं नाही, टॉमीची गोष्टही सांगतली. मंग ते टायर तुह्या दुकानासमोर ठेवलं. साजिदनं पाह्यलं, पंजा फिरवला, आत गेला अन् चहा घेऊन आला. माह्याकडे अजून पाह्यलं नाही. पण चहा दोन कप होता.

गाडी आता तीन चाकांवर अन् एका दगडावर उभी आहे. टायर मी घेणार नाही, कोणतं घ्यायचं ते तू ठरव. लग्नाच्या गडबडीत तुले वेळ नसन, तं सुखी एसटीनं येईन, मी तिले फाट्यावर सोडून परत येईन. कार्डावर नाव नसलेल्या माणसानं मांडवात येऊ नये, एवढं समजते मले. पण एक दिवस सवड काढून आला, तं मी जॅक लावून देईन अन् गप्प उभा राहीन. टॉमी भंगारात दिली आहे.

डेपोत अपघात झाला का चालकाले स्वतःच्या हातानं जबाब लिहून द्या लागते. एकतीस वर्षांत मले एकही लिहा लागला नाही, याचा लय तोरा होता. तो आज लिहून देतो. हे पत्र ज्याले दाखवायचं त्याले दाखवजो, साजिदले तं दाखवजोच. माहनूरले आशीर्वाद.

वाहन: स्वतःचे. टायर: चांगले, बसवणारा शब्बीर, काम चोख. जखमी: सुखीबाई राठोड. नुकसान: एक दुकान, एक भाऊ.
अपघाताचे कारण: चालक.

सही,
भीमसिंग राठोड