पुन्हा विचारू नका

४ मार्च, सोमवार

लागली एकदाची नोकरी! कानाच्या मशीनचं दुकान आहे, पण दुकान म्हटलेलं मॅडमना खपत नाही, केंद्र म्हणायचं. बाहेर चार खुर्च्या आणि पाण्याचा जार, आत माणूस मावेल एवढी काचेची आवाजबंद खोली. तिथे पेशंटला हेडफोन लावून बसवायचं, आवाज आला की बटण दाबायला सांगायचं, आणि जसा ज्याचा कान तसं त्याचं मशीन कॉम्प्युटरवर सेट करायचं. सहा महिने घरी बसून माझं डोकं नुसतं भणभणत होतं. बाबांवर उगाच खेकसायचे. त्यांना ऐकू येत नाही म्हणून निभावलं.

सगळ्यात मोठा आनंद म्हणजे, तीन महिने टिकलीस तर बाबांना इथूनच मशीनं बसवून देऊ, असं मॅडम म्हणाल्या. सात वर्षं त्यांनी माझा आवाज ऐकलेला नाही. घरात सगळं पाटीवर लिहून चालतं. ही बातमीही लिहून दाखवली, तर म्हणाले, मशीन येईल तेव्हा येईल, तोवर तू हळू बोलायला शीक.

६ मार्च, बुधवार

काम आवडलं. एक गोष्ट सोडून, आणि तिने माझं रक्त आटवलंय.

इथलं सॉफ्टवेअर मॅडमच्या भावाने घरीच लिहिलेलं. त्यांना सगळे दादा म्हणत. चार वर्षांपूर्वी त्या काचेच्या खोलीतच, कानाला हेडफोन असताना, बसल्या बसल्या गेले. सॉफ्टवेअर एक नंबर, त्यात वाद नाही. पण उघडलं रे उघडलं की कॉम्प्युटर चौकट टाकतो: ‘हे सॉफ्टवेअर कोणी बनवलं ते ओळखता येत नाही. त्याला आत बदल करायचे आहेत. तरीही चालवायचं?’ अरे, चौदा वर्षं चालतंय ना इथे! ओळख व्हायला अजून किती वर्षं हवीत?

त्यात मॅडमचा नियम असा की तिन्ही वाक्यं मोठ्याने वाचायची आणि मगच ‘हो’ दाबायचं. दर पेशंटला, दर कानाला. आज बावीस वेळा वाचलं. पेशंट माझ्याकडे वेड्यासारखे बघतात. का वाचायचं, असं विचारलं, तर मॅडम म्हणाल्या, “त्याला न विचारता आत शिरायची खोड होती. विचारू दे.” भावाबद्दल म्हणाल्या की सॉफ्टवेअरबद्दल, देव जाणे. माझ्या आधीची मुलगी म्हणे तीन वर्षं न चुकता वाचत होती. धन्य तिची.

११ मार्च, सोमवार

मॅडम लेकीच्या बाळंतपणाला गेल्या, आठवडाभर केंद्र माझ्यावर. पासवर्डसुद्धा माझ्या नावाने करून दिला. जाताना म्हणाल्या, तीन महिने कशाला, उद्याच आण बाबांना. मला रडूच आलं. वाचायचं विसरू नकोस, हे मात्र चार वेळा बजावलं.

१२ मार्च, मंगळवार

बाबांना काचेच्या खोलीत बसवलं. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. डावा कान झाला, चौकट. उजवा कान, चौकट. वायर निसटली, पुन्हा चौकट. बाबा बिचारे काचेतून टुकूटुकू बघतायत आणि मी इकडे कॉम्प्युटरला पाढे म्हणून दाखवतेय! पाचव्यांदा आली तेव्हा माझी तळपायाची आग मस्तकात गेली. खाली बारीक अक्षरात होतं: ‘या बनवणाऱ्यावर कायम विश्वास ठेवा. पुन्हा विचारू नका.’ केली खूण, टाकला पासवर्ड, विषय संपला. मॅडमचं मॅडम बघून घेतील.

मग माइकवर बाबा म्हणून हाक मारली. त्यांनी दोन्ही हात कानांवर धरले. म्हणाले, किती चिडका आवाज झालाय गं तुझा. आणि रडायला लागले. मीही रडले. असा दिवस आयुष्यात पुन्हा यायचा नाही.

१३ मार्च, बुधवार

बाबा मजेत आहेत. भांड्यांचा आवाज, नळाचा आवाज, सगळं कौतुकाने ऐकतात. म्हणतात, डाव्या कानात कोणीतरी सभ्य गृहस्थ बोलतात, आत आलो तर चालेल ना, असं विचारतात. बाबांनी त्यांना या म्हणून सांगितलं! कुठल्यातरी फोनचं बोलणं मशीनमध्ये शिरत असणार. उद्या सेटिंग बघते.

१५ मार्च, शुक्रवार

काल सेटिंग तपासलं. सगळं ठीक. आज वैतागून दोन्ही मशीनं काढून डबीत घातली. तरी बाबा बोलतायत. कोणाला तरी हं, हं म्हणतायत. पाटीवर लिहिलं, कोण आहे? तर म्हणाले, तेच. पण आता ते विचारत नाहीत, सरळ येतात. आणि त्यांचा आवाज अगदी तुझ्यासारखा झालाय. फक्त हळू बोलते ती. चिडत नाही.

मी पाटी आपटली. फुटली.

१६ मार्च, शनिवार

सकाळीच केंद्रात गेले ती खूण काढायला. चौकट आली: ‘हा बदल करणारी व्यक्ती ओळखता येत नाही.’ माझा पासवर्ड. माझं नाव. माझी खुर्ची! तीनदा केलं. खाली एकच बटण, ‘बाहेर पडा’. कीबोर्ड भिंतीवर फेकला.

मॅडमना फोन केला. खूण केल्याचं सांगितलं. तर म्हणाल्या, “चार वर्षं दादा दारातच उभा होता गं. आपलं ‘हो’ त्या एका वेळेपुरतंच असायचं, म्हणून तर त्याला रोज विचारायला लावत होते.”

मग हे पहिल्या दिवशी सांगायला काय तोंड शिवलं होतं? नुसतं वाच, वाच! माणसाला कारण सांगाल की नाही? ओरड ओरड ओरडले. त्या म्हणाल्या, सोमवारी संध्याकाळपर्यंत पोचते, तोवर बाबांना एकटं सोडू नकोस.

१७ मार्च, रविवार

बाबांनी चहा केला. दोन कप. एक स्वतःचा, एक माझ्या खुर्चीसमोर ठेवला. मी बसायला गेले तर हात धरला, म्हणाले, तिथे मुलगी बसलीय.

मला विचारलं, आपलं काय काम होतं?

आपलं. मला. मी ओरडले, बाबा, मी आहे, मी! कानाला मशीन नाही, पाटी नाही — नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. घाबरले मला. माझे बाबा मला घाबरले.

१८ मार्च, सोमवार, दुपार

जिन्यात बसून लिहितेय. नवी पाटी आणायला गेले — दहा मिनिटं, फक्त दहा — आतून कडी. किल्ली आहे, कडीला काय करू.

दार बडवलं. हात सुजला. शेजारी कोणी नाही. मॅडमचा फोन लागत नाही.

कॉम्प्युटर दिवसातून वीस वेळा विचारत होता. वीस वेळा. आणि मला राग कशाचा, तर विचारतो याचा —

बाबा दाराशी आलेत. पावलं कळतात मला त्यांची. भोकातून बघतायत. आत कोणाला तरी सांगतायत, हळू, एक एक शब्द, मी वाचायचे तसं.

“या बाई कोण ते ओळखता येत नाही. त्यांना आत यायचंय. तरीही घ्यायचं?”

बाबा, हो म्हणा. बाबा, मी —

आतून उत्तर आलं. माझाच आवाज. हळू. जराही न चिडता.

नको, बाबा. आणि पुन्हा विचारू न