गोठ्यातल्या कॅलेंडरवरचा पूल

ॲमस्टरडॅम
गुरुवार, ११ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप केशरअक्का,

तुमच्या धाकट्या जावेचा, दिपालीचा वाकून नमस्कार. मी इकडं सुखरूप आहे आणि तिकडं तुम्ही सगळे सुखरूप आहात हे रोज फोनवर दिसतंच. मग पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण फोन ह्यांच्या हातात असतो, आवाज मोठा केलेला असतो आणि अर्धी वस्ती मागं उभी राहून 'बर्फ दाखव, बर्फ दाखव' म्हणते. अहो, इथं कसला बर्फ! श्रावणासारखी भुरभुर आहे आणि वारा असा की कानाखाली मारल्यासारखा लागतो. तुम्ही दिलेली कानटोपी घातली तेव्हा सगळे हसले. दुसऱ्या दिवशी हसणाऱ्यांतल्या चौघांनी टोप्या विकत घेतल्या.

आमच्या अभ्यासदौऱ्यात बत्तीस शेतकरी आहेत, त्यात बाया पाचच. माझ्या खोलीत कर्जतच्या राहीबाई आहेत. लिंबाची बाग आहे त्यांची. बाई मोकळ्या स्वभावाच्या, घोरतात मात्र दणकून. वयानं त्या... असो, त्यांचं पुन्हा कधीतरी.

काल काचेच्या घरातली काकडी बघितली. वेलीला माती म्हणून नाही, नुसत्या नळीतून पाणी. एका गोठ्यात गाय आपल्या पायानं चालत येऊन यंत्रात उभी राहते, यंत्रच सड धुतं, यंत्रच धार काढतं. आमचे पुढारी सुहाससर माहिती सांगत होते आणि सगळे माना डोलावत होते. मी त्या गायीचं तोंड बघत होते. तुम्ही असता तर तिच्या कानाला हात लावून सांगितलं असतं की हिला ताप आहे का नाही. मला ते येत नाही, तेवीस वर्षं तुमच्याजवळ बसूनही आलं नाही. म्हणून तर ह्या दौऱ्याला घरानं तुमचं नाव ठरवलं होतं. एका घरातून एकच माणूस, आणि ते तुम्हीच, ह्यात कुणाचं दुमत नव्हतं. वयाचं आडवं आलं नसतं तर आज हे सगळं तुम्ही बघत असता, हे मी विसरलेली नाही.

जेवायला रोज संध्याकाळी पनीर आणि पिवळी डाळ. म्हटलं, एवढ्या लांब येऊन पनीरच खायचं तर नगरला काय वाईट होतं? म्हणून आज दुपारी सुटी मिळाल्यावर एका दुकानात चीज चाखलं. बैलगाडीच्या चाकाएवढ्या गोल वड्या असतात, वर्षवर्ष फळीवर ठेवून मुरवतात. तोंडात घातलं तर आधी खारट, मग दाणे भाजल्यासारखं गोडसर. तुमची शेंगदाण्याची चटणी पुडीत होतीच, ती लावून खाल्लं. दुकानदारीणबाईला पण चिमूटभर दिली. तिनं पाणी मागितलं.

मग एकटीच चित्रांच्या संग्रहालयात गेले. शाळेत चित्रकलेच्या बाईंनी मला चित्रांचं जाड पुस्तक दाखवलं होतं, ते तुम्ही माझ्याकडून शंभरदा ऐकलंय. त्यातलं एक चित्र तिथं खरंखुरं टांगलेलं आहे. एक बाई मातीच्या भांड्यात दूध ओततेय. बस, एवढंच. अंगानं भरलेली, बाह्या वर सारलेल्या, हात मनगटापर्यंत रापलेला आणि वर गोरा. ती आपल्याकडं बघतच नाही, तिचं सगळं लक्ष दुधाच्या धारेकडं.

अक्का, सकाळच्या धारा झाल्या की तुम्ही गोठ्यातल्या चुलीवर चहा ठेवता आणि ताजं दूध आधी माझ्या कपात ओतता. मी नवी नवरी म्हणून आले त्या दिवसापासून एक दिवस चुकला नाही. आपलं भांडण असलं तरी चहा चुकला नाही. ओतताना तुम्ही अगदी तशाच दिसता.

ज्या चित्रासाठी इतकी वर्षं जीव टाकला, त्याच्यासमोर मला दोन मिनिटं उभं राहवलं नाही. बाहेर येऊन बाकावर बसले, तर तिथंही बसवेना. पाऊस नव्हता, कुणी घाई करत नव्हतं, तरी पाय आपले चालतच सुटले.

आता तुमच्या पुलाचं. पेंडवाल्यानं बारा वर्षांपूर्वी दिलेल्या कॅलेंडरचं ते पान मी पिशवीत घालून पर्समध्ये ठेवलंय. कमानीचा पूल, लाल विटांची घरं, पाण्यात दोन हंस आणि कठड्याला टेकलेली बाई. गावाचं नाव खाली लिहिलेलं असणार, पण तेवढाच भाग वाळवीनं खाल्ला. तुम्ही निघताना एकच सांगितलं होतं, "बाकी काय बी बघ न्हाईतर नको बघू, तेवढा पूल बघून ये." इथं पूल पैशाला पासरी आहेत. आज सतरा बघितले. ह्यातला तो नाही.

---

लुसर्न, स्वित्झर्लंड
मंगळवार, १६ सप्टेंबर

अक्का,

आधीचं पत्र अजून टाकलेलं नाही. पर्समध्येच आहे, कॅलेंडरच्या पानाला चिकटून.

मधे जर्मनी झाली. कोलोनला एक चर्च आहे, त्याच्या टोकाकडं बघताना मान मोडते. सगळे आत जाऊन गप्प बसले. मी आतबाहेर तीन वेळा केलं. सुहाससर शेवटी म्हणाले, ताई, तुम्ही एका जागी का ठरत नाही, तुम्हाला मोजताना दरवेळी आकडा चुकतो. मी म्हणाले, पूल शोधतेय. आता सगळ्या बसला माझा पूल माहीत झालाय. नदी दिसली की मागून कुणीतरी ओरडतं, "दिपालीताई, पूल!"

इथं तळ्याच्या काठी एक लाकडी पूल आहे, वर छप्पर आणि छपराखाली ओळीनं जुनी चित्रं. मान वर करून करून सगळा चालले. पण आपला पूल विटांचा, त्यामुळं हाही नाही.

सकाळी डोंगरावर एका म्हाताऱ्याकडं गेलो होतो. तांब्याच्या भल्या मोठ्या कढईत तो दूध फाडत होता आणि हात कोपरापर्यंत आत घालून चोथा बरोबर झाला का ते बोटांनी बघत होता. यंत्र होतं शेजारी, पण त्याचा विश्वास बोटांवर. त्यानं मला पण हात घालू दिला. कोमट होतं, खरवसाच्या वड्या पडायच्या आधी असतं तसं. मला काही कळलं नाही, झालंय का राहिलंय. त्याला तुम्ही भेटायला पाहिजे होतात. भाषेवाचून तासभर बोलत बसला असता दोघं.

परवा फोनवर राहीबाई माझ्या मागून गेल्या तेव्हा तुम्ही विचारलंत, "ही बाई किती वर्षांची गं?" मी म्हणाले, पंचेचाळीस, उन्हातान्हानं तशा दिसतात. तुम्ही म्हणालात, "बिचारी." आणि विषय संपला.

अक्का, त्या एकसष्टच्या आहेत. हॉटेलात पासपोर्ट देताना मी तारीख बघितली. खरं तर पहिल्याच दिवशी त्यांनी आपण होऊन सांगितलं होतं.

बस सुटायला आली, सर हाका मारतायत. पुढचं पुढं लिहीन.

---

ब्रूज, बेल्जियम
शनिवार, २० सप्टेंबर

अक्का,

आज संध्याकाळी विमान आहे. घट बसायच्या आत मी घरी असेन.

पॅरिस पण झालं. त्या हसऱ्या बाईच्या चित्रापुढं एवढी झुंबड की मला चित्राऐवजी लोकांच्या मोबाईलातच ती दिसली. तिथला पाव मात्र खावा. वरून कडक, आत कापसासारखा, नुसतं लोणी लावून दोन तुकडे उभ्याउभ्या संपवले. मनोऱ्याखाली फोटो काढला तोही तुम्ही बघितलाय. त्यात मी हसतेय.

पूल सापडला.

इथं आल्यावर बसमधून उतरून पंधरा मिनिटं चाललो असू. दगडी रस्ता, वळण घेतलं आणि समोर तोच. कमान तीच, लाल घरं तीच, उजव्या घराची हिरवी खिडकीसुद्धा तीच. हंस दोनाचे अकरा झालेत. मी पान काढून समोर धरलं, तर ताडून बघायला राहीबाईंनी ते माझ्याकडून घेतलं. मग सगळी बस पुलावर. राहीबाई गुडघ्यावर हात देत वर चढल्या, कॅलेंडरवरची बाई जिथं टेकलीय तिथंच टेकल्या आणि मला हाका मारायला लागल्या. मी खालीच उभी.

तेवढ्यात ह्यांचा फोन आला. मी कॅमेरा पुलाकडं केला. तुम्ही गोठ्यातून हात पुसत पळत आलात, चष्मा घातलात आणि फोन ह्यांच्या हातातून काढून घेतलात. मग म्हणालात, "वर हुबी ऱ्हायलीस का? कसं वाटतंय गं तिथून?"

मी म्हणाले, रेंज जातेय, आणि फोन बंद केला. रेंज चांगली होती अक्का.

राहीबाई खाली आल्या. कुणासाठी शोधत होतीस एवढं, म्हणाल्या. मी म्हणाले, जिची जागा मी घेतली तिच्यासाठी. आणि तिथं काठावर उभं राहून त्यांना सगळं सांगितलं. रडले पण. त्यांनी ऐकून घेतलं, डोळे पुसायला पदर दिला, आणि मग म्हणाल्या, "मला सांगून काय उपेग? ज्या ताटातलं उचललंस त्या ताटात ठिव."

तर ठेवते.

वयाची अट नव्हतीच. पन्नाशीच्या पुढच्यांना नेत नाहीत, हे मी माझ्या मनानं रचलं. ज्या संध्याकाळी घरात तुमचं नाव ठरलं, त्याच संध्याकाळी फॉर्म भरायला मोबाईल माझ्या हातात दिला, कारण घरात असलं सगळं मीच भरते. तुम्ही शेजारी बसून शेंगा फोडत होतात. पासपोर्टचा नंबर बरोबर पडला का, असं तुम्ही मला विचारलंत, आणि मी हो म्हणाले. मी माझा टाकला होता. नावाच्या रकान्यात माझं नाव, फोटो माझा. चूक झाली नाही, गडबडीत झालं नाही. दोनदा वाचून बघितलं आणि मग बटण दाबलं.

तीन दिवसांनी येऊन तुम्हाला ती वयाची थाप मारली. तुम्ही वाईट वाटून घेतलं असतं, चिडला असता, तर बरं झालं असतं. तुम्ही म्हणालात, "जाऊंदे गं. तू गेली काय अन् मी गेले काय, डोळं तर घरचंच हायेत." सोडतीत नाव लागल्यावर पेढे तुम्ही वाटलेत. निघताना दशम्या तुम्ही केल्यात. प्रत्येक वेळी सांगावंसं वाटलं आणि प्रत्येक वेळी वाटलं, आता सांगितलं तर जाणं राहील.

का केलं? मला यायचं होतं, म्हणून. दुसरं काही कारण नाही. शाळेतल्या त्या पुस्तकापासून यायचं होतं. बारावीनंतर लग्न झालं, तुमच्या घरात काही कमी पडलं नाही, पण कधीतरी एकदा फक्त माझ्या मनासारखं व्हावं असं आतून इतकं वाटायचं की त्या संध्याकाळी मला तुम्ही दिसलाच नाहीत. शेजारी बसलेल्या होतात, आणि दिसला नाहीत. ह्याची मला लाज वाटते अक्का. आणि मनासारखं झालं तेही नाही. दहा दिवस ज्या गावात गेले तिथून कधी निघतेय असं झालं.

पुलावर मी चढले नाही. ते तुमच्यासाठी राखून ठेवलं वगैरे म्हणायचा मला हक्क नाही. नुसता पाय उचलला नाही. तुमचा पासपोर्ट कपाटात कोराच आहे आणि अजून आठ वर्षं चालतो, एवढं मात्र मला पाठ आहे.

हे सगळं परवा घरी येऊन तोंडानं सांगता आलं असतं. पण मी मला ओळखते. तुम्ही समोर आलात, "दमलीस का गं" म्हणालात, की मी पुन्हा गिळून बसेन. म्हणून समोरच्या लाल पेटीत हे टाकतेय. एकदा टाकलं की मला परत काढता येणार नाही. पोस्टाची तिकिटं घेतली तो दुकानदार म्हणाला, भारतात पोचायला दोन आठवडे तरी लागतात. म्हणजे आधी मी येईन, मागून पत्र येईल, दसऱ्याच्या आसपास. तोवर रोज पहाटे मी तुमच्याशेजारी धारा काढायला बसेन, तुम्हाला गावांच्या गमती सांगेन, आणि पोस्टमनची गाडी वस्तीकडं वळते का ते बघत राहीन.

पत्र मिळालं की तुम्ही मला काही बोलायची गरज नाही. घरात कुणाला सांगायचं का नाही, ते तुमच्यावर. ज्या सकाळी माझा कप तसाच पालथा राहील, त्या सकाळी मी समजेन की तुम्ही वाचलंत. दुधाच्या किटल्या डेअरीवर घालून येईन आणि पुन्हा तुमच्याजवळच बसेन. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही.

फॉर्मवर तुमच्या जागी जिनं स्वतःचं नाव घातलं ती,
दिपाली