ब्लँकेटखालील हालचालीबाबत खुलासा

प्रति,
मा. प्राचार्य,
चित्रकला महाविद्यालय.

विषय : मला कामावरून न काढण्याबाबत आणि लोकरी ब्लँकेट अंगावरून काढण्याबाबत.
संदर्भ : आपले ज्ञापन, 'बसल्या जागी हालचाल करणे'.

महोदय,

उपरोक्त ज्ञापन काल वर्ग चालू असताना आपण स्वहस्ते माझ्या मांडीवर ठेवलेत. त्या वेळी मी 'थकलेला प्रवासी' या बैठकीत होतो, त्यामुळे ते ताबडतोब उचलता आले नाही. हालचाल करू नये असेच त्यात लिहिलेले निघाले, तेव्हा आज्ञापालन वाचण्याआधीच झाले होते, ही बाब माझ्या बाजूने धरावी.

मी मानवाकृतीच्या वर्गात मॉडेल म्हणून बसतो. पायांभोवती खडूने रेघ मारतात आणि मधली सुटी होईपर्यंत मी त्या रेघेत असतो. मुले मला 'पुतळेकाका' म्हणतात. घरी माझा पाय ठरत नाही, असे आमची ही म्हणते. वर्गात मात्र मी आजवर शिंकसुद्धा सुटीपर्यंत राखून ठेवली आहे.

मला इसब आहे. डॉक्टरीणबाईंनी समजावले ते असे, की माझी कातडी ओलावा धरून ठेवत नाही. कोरडी पडली की खाजते, खाजवली की तिला चिरा पडतात, चिरा पडल्या की ती आणखी कोरडी होते आणि पुन्हा खाजते. आपल्याकडून लेखा विभागात आणि लेखा विभागातून परत आपल्याकडे जाणाऱ्या फायलीसारखेच हे आहे. ते कायमचे मिटत नाही, पण आटोक्यात राहते. कोमट पाण्याने झटपट आंघोळ, वासाचा साबण बंद, अंग टिपून ओलसर असतानाच मलम, आणि फारच भडकले तर बाईंनी लिहून दिलेले औषधी मलम, तेही त्या सांगतील तितकेच दिवस. हे सर्व मी करतो. मेव्हण्यांनी गॅरेजमधले ग्रीस सुचवले होते, ते मात्र केले नाही.

घरी आटोक्यात असलेले वर्गात का भडकते, हा आपला प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर कार्यालयाने केलेल्या उपाययोजनांत आहे.

पहिल्यांदा मान खाजवली तेव्हा वर्गशिक्षकांना वाटले, मी थंडीने हलतो. त्यांनी हीटर जवळ आणला. कातडी वाळली आणि अंगाची लाही लाही झाली. शिक्षकांचा मुलांना एकच हुकूम असतो, जे दिसेल तेच काढा. मुले आज्ञाधारक, त्यामुळे जितकी चित्रे तितक्या ठिकाणी माझा उजवा हात निघाला. एका मुलीने तर चारही हात काढले आणि ती पहिली आली.

त्यानंतर हात दिसूच नयेत म्हणून लोकरी ब्लँकेट आले. महोदय, लोकर आणि माझी कातडी यांचे हाडवैर आहे. मी आतल्या आत जे सोसले ते बाहेरून कसे दिसले, हे मला महाविद्यालयाच्या तपासणीला आलेल्या समितीमुळे कळले. समितीच्या अध्यक्षांनी मुलांची चित्रे पाहून, ब्लँकेटखाली कोणता प्राणी ठेवला आहे, अशी चौकशी केली म्हणे.

पुढे कुणीतरी हा रोग लागतो अशी कंडी पिकवली. शिपाईदादा माझी खुर्ची फिनेलने पुसू लागले. इसब लागत नाही. आमच्या घरात सगळ्यांना मिळून एकच टॉवेल आहे आणि खाज फक्त मलाच आहे. फिनेलच्या वासाने ती वाढली, ते एक वेळ चालेल. पण मी उठलो रे उठलो की मुलांसमोर खुर्ची पुसतात, ते मनाला फार लागले. पुन्हा बसल्यावर मला रडू आले. बैठक चालू असल्यामुळे डोळेही पुसता आले नाहीत.

आता ज्ञापनात आपण म्हणता, 'पूर्ण बरा' असा दाखला आणा, नाहीतर वार्षिक परीक्षेपासून माझ्या जागी प्लास्टरचा पुतळा बसेल. बाईंनी काल संध्याकाळीच दाखल्यात 'नियंत्रणात' लिहून दिले, तो दाखला आज सकाळी लेखनिकांनी परत केला. 'पूर्ण बरा' लिहायला बाई तयार नाहीत, कारण त्या खोटे लिहीत नाहीत. पुतळ्याला खाज नाही, हे मला मान्य आहे. पण पुतळ्याचा पाठीचा कणा दुखत नाही, म्हाताऱ्याचे खांदे पडतात कसे हेही तो मुलांना दाखवू शकत नाही. मला हे काम आवडते. दुसरे मला येतही नाही.

सबब विनंती की, ब्लँकेटऐवजी धुतलेली सुती चादर द्यावी, हीटर दाराकडे सरकवावा, सुटीत मलम लावण्यास आडोसा द्यावा आणि खुर्ची कोरड्या फडक्यानेच पुसावी. परीक्षेसाठी 'चिंतेत पडलेला गृहस्थ, हात मानेवर' ही बैठक मंजूर व्हावी. खाज सुटली तर खाजवू नका, तळहाताने दाबून धरा, असे बाईंनी सांगितले आहे. त्या बैठकीत तो हात जागचा हलणार नाही. चिंता तर मला खरीच आहे.

जाता जाता एक गोष्ट. स्थिर बसणाऱ्याला बघण्यावाचून दुसरा उद्योग नसतो. काल ज्ञापन माझ्या मांडीवर ठेवून आपण वर्गाला शिस्तीवर चार शब्द सांगत होतात, तेव्हा आपल्या डाव्या बुटाचे टोक उजव्या पोटरीवर सारखे वरखाली होत होते. मोजे लोकरी होते. ज्ञापनावरील सहीसुद्धा शेवटच्या अक्षराला एकदम वर उडाली आहे. तो झटका मी ओळखतो, साहेब. आपल्याकडे कुणी दाखला मागणार नाही आणि मीही कुठे बोलणार नाही. गप्प बसण्याचाच मला पगार मिळतो. मात्र बाईंना एकदा दाखवून घ्या. दवाखाना पोस्टासमोर आहे, बाई रागावत नाहीत.

आपला नम्र आणि सुती चादर मिळाल्यास संपूर्ण स्थिर,
(सही)
मॉडेल, मानवाकृती वर्ग
दिनांक : ज्ञापनाच्या दुसऱ्या दिवशी

सोबत :
१. दाखला, 'नियंत्रणात' असा शेरा असलेला, पुन्हा एकदा.
२. विद्यार्थ्याने काढलेले 'ब्लँकेटखालील प्राणी' हे चित्र.
३. साध्या, बिनवासाच्या मलमाची न उघडलेली ट्यूब. आवक नोंदवहीत चढवू नये. पोटरीवर, आंघोळीनंतर, अंग ओलसर असतानाच लावावे. मोजे सुती घ्यावेत.