वरचा एक रुपया

मुक्काम रिहे, तालुका मुळशी
मार्गशीर्ष, सन १९५९

राजमान्य राजेश्री भिवाजीराव पाव्हणे, मुक्काम लालबाग, यांना हैबतरावाचा रामराम पोचावा. तुमची नि घरच्या मंडळींची खुशाली कळवत जावी. माझं विचाराल तर उजवा गुडघा सोडून बाकी सगळा मी खुशाल आहे. तुमची बहीण गेल्यापासून भाकरी मीच थापतो. माझ्या भाकरीला गोल म्हणणारा माणूस अजून भेटायचा आहे (भेटणार कुठून, जेवायला मी एकटाच).

पत्रास कारण तुमचा भाचा वाल्मीक आणि सरकार. त्या दोघांच्या मध्ये मी सापडलो आहे. नदीकडचं वावर मी चैत्रात बारामतीकडच्या एका बागाईतदाराला विकलं, हे तुमच्या कानावर असेलच. वाल्मीकला मुलुंडला ब्लॉक घ्यायचा होता. एकुलता एक पोरगा, माझ्यामागं त्याचंच सगळं, मग मी मरायची वाट त्याला कशाला बघायला लावू? (बँकेतल्या कारकुनाला तेवढी रजा तरी कोण देतो!) देव्हाऱ्यापुढं बसवून त्याच्या हातात दहा हजार ठेवले, आणि वर एक रुपया. तुम्हाला रीत ठाऊक आहे. शून्यावर देणं संपतं, वर एक ठेवला की येणं-जाणं चालू राहतं, असं तुमची बहीण म्हणायची. दहाच्या आहेरावरही ती पदराची गाठ सोडून वरचा एक काढायची. वाल्मीकनं पैसे पिशवीत घातले, चहा उभ्यानंच प्यायला आणि दुपारची एसटी गाठली.

त्यानंतर एक कार्ड आलं. 'पोचलो.' मग दसरा गेला, दिवाळी गेली. आणि गेल्या पंधरवड्यात एका संध्याकाळी बघतो तर बांधावरून वाल्मीक येतोय! मला वाटलं, कुणीतरी गेलं. पण गेलं कुणी नव्हतं, कायदा आला होता. त्याच्या बँकेतल्या कुणी सोबत्यानं त्याला सांगितलं की वर्षाला दहा हजारांपर्यंत बक्षीस दिलं तर ठीक, वर गेलात तर सरकारचा कर. आता आमचं वर किती गेलं? एक रुपया. तेवढ्यानं हा माणूस घाबरून मुंबईहून आला, नोकरीवर गदा येईल म्हणून. भिवाजीराव, बापानं खरं तर काळजी करायची. पण मला इतका आनंद झाला की मी मनातल्या मनात सरकारला हात जोडले. कोंबडी कापली, आंबेमोहोराचा भात केला, शेजारच्या रंभाबाईकडून चांगली गादी मागून आणली. जेवताना त्यानं मला कायदा समजावला. तो मला पहिल्याच घासाला कळला होता, पण मी कळला नाही म्हणालो. मग त्यानं पुन्हा समजावला. मी पुन्हा मान हलवली. किती दिवसांनी घरात दुसऱ्या माणसाचा आवाज होता. कायद्याचा असला म्हणून काय झालं?

सकाळी पिरंगुटपर्यंत चालत आणि पुढं एसटीनं आम्ही पुण्याच्या कचेरीत गेलो. तिथले साहेब चष्मा कपाळावर ठेवून बोलणारे. त्यांनी पहिल्यांदा वाल्मीकला सांगितलं की तुम्ही घाम पुसा, घेणाऱ्यानं काही भरायचं नाही, कर देणाऱ्यावर असतो. (म्हणजे खाणारा मोकळा आणि वाढणाऱ्याला दंड. पण असो.) मग माझ्याकडं बघून हिशेब केला तर कर निघाला काही नव्या पैशांचा. तेवढ्यात आमच्या गावच्या हॉटेलात भज्याचा वाससुद्धा देत नाहीत. साहेब हसले नि म्हणाले, एका रुपयासाठी कागद कशाला काळे करता? मुलाकडून तो परत घ्या आणि घरी जा.

वाल्मीकनं लगेच खिशातून एक रुपयाची नोट काढून पुढं केली. मी हात मागं घेतला. म्हटलं, "आरं, दिल्याला आहेर कुनी माघारी घेतं व्हय? एक येळ दहा हजार माघारी घीन, पर ह्यो न्हाई घ्यायचा मी. लागंल त्यो कर भरतो." तो म्हणाला, "आबा, कायद्याला रीत कळत न्हाई." मी म्हटलं, "कायद्याला न्हाई कळत, तुला बी न्हाई कळत?" सगळी कचेरी आमच्याकडं बघायला लागली. साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. पोरगा लाजला. नोट माझ्या कोटाच्या खिशात कोंबली, पाया पडला आणि मुंबईची गाडी आहे म्हणून निघून गेला. मी कर भरायला तयार उभा, आणि साहेब म्हणतात, आता कसला कर, रुपया तर परत आला.

पिरंगुटला उतरलो नि घरापर्यंत चालत आलो. सकाळी चालताना वाल्मीक माझ्याशी बोलत होता, तसंच आता मी एकटाच त्याच्याशी बोलत होतो. समोरून आलेल्या धुळाजी धनगरानं मेंढरं थांबवून विचारलं, कुनासंगं बोलताय? मी म्हणालो, सरकारशी. घरी गादी अजून पसरलेलीच होती. ती मी रंभाबाईला अजून परत केलेली नाही, आणि ती मागायलाही आलेली नाही. मला वाईट वाटतं ते पैशाचं नाही, भिवाजीराव. दहा हजारांत शून्यं किती आहेत ते तुम्हीच बघा. आता वर काहीच नाही.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद, आणि गरिबावर माया असू द्यावी, ही विनंती.

आपला,
हैबतराव

ता. क. पाकिटात तीच नोट घातली आहे. पोस्टातून पैसे पाठवू नयेत म्हणतात, पण एवढ्याशा कागदाला कोण पकडतो? ती तुमची म्हणून वाल्मीकला द्यावी. मामानं भाच्याला दिलेला रुपया बापाच्या हिशेबात कोण धरणार? धरलाच तर कर मी भरीन. माझं नाव मात्र सांगू नये.

दुसरा ता. क. तो हुशार आहे, ओळखेल. परत पाठवतो म्हणाला तर त्याला सांगा, आबा मनिऑर्डर घेत नाहीत. स्वतः आणून हातात द्यावा लागेल.

तिसरा ता. क. येण्याआधी कळवायचीही गरज नाही. मी घरीच असतो.