डोकं दुखतंय

आई, तुझ्या नातीचं लग्न ठरलंय. पत्रिका सगळ्यांना मोबाइलवर गेल्या, पण आमच्या वाघोलीच्या सोसायटीतही जुन्या वळणाची माणसं आहेतच. घरी येऊन कुंकू लावून, अक्षत देऊन बोलावलं नाही तर ती येत नाहीत. ह्यांनी हात वर केले, "बायकांना तूच बोलवायला हवं. मी काय कुंकू लावत हिंडू?" लेकीनं तर सरळ टोला मारला, "आई, निदान माझ्या लग्नात तरी तुझं डोकं दुखू देऊ नकोस."

हे डोकं दुखणं तुझीच देणगी. नारायण पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांत संक्रांतीचं हळदीकुंकू असायचं. बाहेर बायका, आणि मी स्वयंपाकघरात फळीवरच्या डब्यांकडे बघत बसलेली, ओठ कोरडे, तळहात ओले. तिथून निसटायला दुसरं दार नव्हतं. कुणीतरी विचारायचंच, "लेक दिसत नाही ती?" तू शांतपणे सांगायचीस, "तिचं डोकं दुखतंय हो." मग आत येऊन माझ्या हातावर तिळाची वडी ठेवायचीस. एकदाच चिडलीस, "अगं, बायका काय खाणार आहेत का तुला?" आणि लगेच बाहेर जाऊन पुन्हा तेच सांगितलंस. तेव्हा तू मला देवासारखी वाटायचीस. आता राग येतो. तू लावलेली ती कडी मी पन्नाशीपर्यंत काढलीच नाही. तुझ्या तेराव्याला माणसं आली तेव्हाही मी आतच होते. मावशीनं बाहेर काय सांगितलं असेल, ते तुला वेगळं सांगायला नको.

हल्ली मी एका समुपदेशक बाईंकडे जाते. त्या म्हणतात, थोडं थोडं, पण रोज. आधी वॉचमनकडे बघून नुसती मान हलवली. मग लिफ्टमध्ये कुणी असलं तरी जिन्याकडे वळणं सोडलं. आता रोज एक दार. काल वरच्या मजल्यावर बेल वाजवली, घरात कुणी नसू दे म्हणून देवाला विनवलं, आणि दार उघडायच्या आत खाली पळाले. आज पुन्हा त्याच दारात करंडा घेऊन उभी. त्या घरच्या बाईंनी मला आत घेतलं आणि मागे कडी घातली. कोचावर त्यांच्या सासूबाई, मुलगा, सून, सगळे माझ्याकडे बघतायत. लावता लावता चिमूट सुटते, कुंकू बाईंच्या नाकावर सांडतं. "असू द्या," त्या म्हणतात, "नाकावर पडलं की नवऱ्याची लाडकी म्हणतात. जरा उशीरच झाला." सगळे हसले. मीही हसले असेन, पण डोळे त्या कडीवरच होते. चहा आला. "बरं नाही का? चेहरा उतरलाय," त्यांनी विचारलं. तुझं वाक्य अगदी जिभेवर आलं होतं.

"बरी आहे," मी म्हणाले, आणि कप संपेपर्यंत बसले.

उद्याचं दार बाकी आहे. लग्नाचा हॉल तर डोळ्यांसमोरही आणवत नाही. हा कागद तुला पाठवायचा तरी कुठे, तो करंड्याखालीच राहील. पण एक सांगते, फक्त तुला. आज माझं डोकं खरोखरच दुखत होतं.