वाघखारचे मैदान, सहा जणांचे

मी, दयाराम काळूराम घरत, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त क्रीडाशिक्षक, राहणार मौजे वाघखार, तालुका अलिबाग, जिल्हा रायगड, हा लेख स्वतःच्या अक्षरात, कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. माझा पुतण्या अल्पेश परेश घरत हा "काकाचं डोकं फिरलंय" असे गावकीत सांगत असल्याने दाखल्याच्या दोन प्रती जोडल्या आहेत. एक त्याने घरी न्यावी.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. आम्हां पतिपत्नीस अपत्य नाही. खालील सर्व मिळकत माझ्या पगारातून घेतलेली, स्वकष्टार्जित आहे. वडिलोपार्जित शेतातील माझा हिस्सा मी माझा भाऊ, कैलासवासी परेश, याला त्याच्या हयातीतच सोडून दिला. तेव्हा घराण्याचा हक्क सांगण्यास या कागदावर जागा नाही.

कलम १. राहते घर, भोवतीची सुपारीची बाग आणि बँकेतील सर्व शिल्लक मी माझी पत्नी कृष्णाबाई हिला देतो. तिच्या पश्चात तिने ते कोणालाही द्यावे. अल्पेशला द्यावेसे वाटले तर तेही तिने करावे. माझ्या हातून ते होणार नाही.

कलम २. व्हॉलीबॉलचे नेट, त्याच्या दोन्ही कडांना बांधायच्या अँटेना, हवा भरण्याचा पंप आणि सगळे चेंडू मी ज्या शाळेत शिकवले तिला द्यावेत. पंपाचा वॉशर झिजला आहे, तो बदलून द्यावा. माझी शिटी रेवदंड्याचे पंच दिनानाथराव यांना द्यायची होती. परंतु साक्षीदाराने लाभार्थी असू नये, असा माझी विद्यार्थिनी आणि आता वकील असलेल्या मृणालचा सल्ला पडला. म्हणून शिटी हयातीतच देऊन टाकली आहे.

कलम ३. माझा टीव्ही अल्पेशला देतो. कारण समजावून सांगणे भाग आहे.

या टीव्हीवर मी गेली काही वर्षे स्लोव्हेनियाच्या पुरुष व्हॉलीबॉल संघाचे सामने पाहत आलो. अल्पेश दारातून ओरडायचा, "काका, हा स्लोव्हेनिया हाय कुठं? रोह्याच्या अलीकडं का पलीकडं?" आणि ओट्यावरची मंडळी हसायची. उत्तर लेखी देतो. तो युरोपातील देश आहे. इटली, ऑस्ट्रिया, हंगेरी आणि क्रोएशिया यांच्या मधोमध. लोकसंख्या सुमारे एकवीस लाख, म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्याहूनही कमी. समुद्रकिनारा इतका तोकडा की अलिबागहून श्रीवर्धनला निघालेला माणूस निम्म्या वाटेतच त्याच्या बाहेर पडेल. एवढ्याशा देशाच्या संघाने युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेची अंतिम फेरी तीनदा गाठली आणि पॅरिस ऑलिंपिकलाही तो खेळला.

"तीनदा हरलंच ना?" हा अल्पेशचा पुढचा प्रश्न. होय. फ्रान्सकडून, सर्बियाकडून आणि इटलीकडून. वाघखारचा संघ तालुक्याची अंतिम फेरी एकदाच खेळला आणि अल्पेशकडून हरला. ते कलम चारमध्ये येईल.

मुद्दा असा. ज्या देशात माणसेच थोडी, त्याला एकही माणूस वाया घालवणे परवडत नाही. व्हॉलीबॉलचा नियमही तेच सांगतो. कोर्टावर सहा जागा. तीन नेटपाशी, तीन मागे. समोरच्याची सर्व्हिस आपल्याकडे आली की सहाही जणांनी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एकेक जागा सरकायचे. कितीही मोठा खेळाडू असो, त्याची मागे जाण्याची पाळी येते. आणि मागच्याची नेटवर येण्याची पाळी येते. चेंडूवर हात पडल्यानंतर हवे तिथे धावा, पण सर्व्हिसच्या क्षणी आपल्या पाळीच्या जागेवर उभे राहा. इतका सुंदर नियम मला दुसऱ्या कोणत्याही खेळात आढळलेला नाही.

वाघखारमध्ये मात्र जागा घरावरून ठरते. वरच्या आळीची पोरे नेटवर, खालच्या आळीची मागे. बाप जिथे उभा राहिला तिथेच मुलगा. अल्पेशने एकदा मला पेचात पकडल्याच्या थाटात विचारले, "मग काका, तुमचा तो लिबेरो? तो नेटवर कवा येतो?" मागे राहून फक्त बचाव करणारा हा खेळाडू नेटवर येत नाही, हे खरे. म्हणूनच त्याला वेगळ्या रंगाचा शर्ट देतात, की साऱ्या जगाला तो दिसावा. खालच्या आळीला तुम्ही शर्टसुद्धा दिला नाहीत.

कलम ४. गावाच्या पश्चिमेस, खाडीकाठच्या खाजणाच्या बांधालगत असलेले, माझ्या नावाचे मैदान. अल्पेशला तिथे पर्यटकांसाठी कॉटेज बांधायची आहेत, आणि तोवर तिथे कोण खेळेल हे आपण ठरवणार, असे तो समजतो.

गेल्या मार्चमध्ये रेवदंड्याला तालुक्याची स्पर्धा प्रथमच पूर्ण नियमांनी झाली. अंतिम सामन्याचा अखेरचा सेट, समोरच्यांना जिंकायला एकच गुण हवा, सर्व्हिस त्यांची. पाळीप्रमाणे खालच्या आळीतल्या सदूचा मुलगा साहिल नेटवर होता आणि अल्पेश त्याच्या मागे. अल्पेश सरळ पुढे आला.

"मागं हो."

"अल्पेशदादा, रोटेशन फिरलंय. आता माझी पाळी हाय."

"पाळी? तुझ्या बापानं कवा नेट बगलाय का?"

साहिल मागे झाला. कारखान्यात क्रेन चालवणारा सव्वीस वर्षांचा गडी, उडी मारली तर कोपर नेटच्या वर. पण पिढ्यांची सवय पायांत असते. सर्व्हिस झाली आणि पंच दिनानाथरावांनी शिटी फुंकली. चुकीच्या जागेवर उभे राहणे हा दोष असतो. गुण गेला, सामना गेला. अल्पेशने सगळ्यांदेखत साहिलच्या कानशिलात मारली. दुसऱ्या दिवशी गावकी बसली आणि ठराव झाला, की साहिलमुळे गावाची नाचक्की झाली, त्याने मैदानावर पाऊल ठेवू नये. मैदान माझे, मारणारा माझा पुतण्या, आणि मला विचारायला कोणी आले नाही.

मी मैदान साहिलच्या नावे करायचे ठरवले. हे ऐकून सदू आला. ओट्यावर बसला नाही, उभ्यानेच बोलला, "मास्तर, पोराच्या नावावर नका करू. तुमी जाल, आमाला हितंच ऱ्हायाचं हाय. गावकीनं वाळीत टाकलं तं पोरीच्या लग्नाला कोन येल?"

सामाजिक बहिष्कार हा आपल्या राज्यात गुन्हा आहे, हे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "कायदा येल हो. पन जेवनं झाल्यावर." शिक्षकाला उत्तर सुचले नाही तर त्याने मांडणी बदलावी. ती अशी बदलली आहे.

मैदान मी सहा जणांना समान आणि अविभक्त देतो: वरच्या आळीतील अल्पेश आणि आणखी दोघे, खालच्या आळीतील साहिल आणि आणखी दोघे. उरलेल्या चौघांची नावे परिशिष्टात आहेत. सहाही सह्यांशिवाय विक्री, गहाण वा बांधकाम होणार नाही. मैदानाचा कारभार दरवर्षी एकाकडून पुढच्याकडे जाईल. पहिले वर्ष साहिलचे, सहावे अल्पेशचे. खेळ रोटेशननेच होईल.

आणि ही अट नीट वाचावी. या सहांपैकी एकालाही मैदानावर येण्यास मज्जाव झाला, किंवा त्याच्या घरावर गावकीने बहिष्कार घातला, तर त्याच दिवशी सहाही जणांचा हक्क संपेल आणि मैदान कुंपणासह शाळेकडे जाईल. चेंडू एकाच्या हातून पडला तरी गुण सगळ्यांचा जातो. यापुढे साहिलला हाकलणारा प्रथम अल्पेशला हाकलील. सदूने हे दोनदा ऐकून घेतले आणि मग चहा घेतला.

या लेखाची अंमलबजावणी मृणालने करावी. अल्पेशच्या आरडाओरड्यास तिने लेखी उत्तर द्यावे. तोंडी दिलेले त्याला समजत नाही.

कलम ५. माझ्या अंत्यविधीविषयी. आमच्या गावात तिरडीला पुढचा खांदा वरच्या आळीचा आणि मागचा खालच्या आळीचा असतो. माझ्या बाबतीत ते चालणार नाही. वरील सहा जणांनीच मला न्यावे आणि वाटेत जागा बदलत राहावे. घरातून निघताना पुढे, शेजारी शेजारी, साहिल आणि अल्पेश असावेत. अल्पेश आला नाही, तर त्याच्या जागी दुसऱ्या कोणाला बोलावू नये. पाच जण पुरेसे आहेत. सहावा कोण नाही ते गावाला दिसू द्यावे.

अग्नी देण्याचा मान नात्याने अल्पेशचा आहे. तो त्याला साहिलच्या बरोबरीने खांदा दिल्यावरच मिळेल. न दिल्यास अग्नी कृष्णाबाई देईल. हे कलम मी तिला वाचून दाखवले आणि तिची संमती विचारली. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "येल तो. न्हाय आला तं मी हाय."

हा लेख वाचून, समजून मी दोन्ही साक्षीदारांसमक्ष त्यावर सही केली आहे.

ठिकाण: वाघखार
दिनांक: १२ जानेवारी २०२६

सही: दयाराम काळूराम घरत

साक्षीदार, ज्यांच्यासमक्ष वरील सही झाली आणि ज्यांनी परस्परांसमक्ष सह्या केल्या:
१. दिनानाथ भगत, व्हॉलीबॉल पंच, रेवदंडा
२. केसर म्हात्रे, निवृत्त मुख्याध्यापिका, चौल