विषय : शेवटचे अक्षर उतरते आहे

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद. तुझे उत्तर रविवारी सकाळी पोहोचले. वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी ते पडद्यावर मोठे करून दाखवले. "मी धरते शिडी. पुढच्या महिन्यात येते. पण बाबा, सात महिन्यांत एक ओळसुद्धा नाही?" एवढेच तू लिहिले होतेस. माझा जीव भांड्यात पडला. चष्मा पुसण्याचे निमित्त करून मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो.

एक ओळ नव्हे, मी तुला पाच पत्रे लिहिली होती. दुकानात पाट्या छापायचे यंत्र घेण्यावरून आपले वाजले, तेव्हा गिऱ्हाइकासमोर मी तुला "अक्षराची अक्कल नाही" असे बोललो. दुसऱ्या दिवशी निघताना तू म्हणालीस, "फोनवर तुम्ही नुसते ओरडता. शांत डोक्याने लिहा, मी उत्तर देईन." ते मी मनावर घेतले. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे असले तरी शुद्धलेखनात मी कोणाला हार जाणारा नाही, हे तू जाणतेस. बाईंकडून दोन दुपारी ई-मेल शिकलो. मात्र मजकूर त्यांना कधी दाखवला नाही. घरची गोष्ट.

विषयाची ओळ म्हणजे पत्राची पाटी, असे बाईंनी सांगितले होते. पाटी म्हटल्यावर मला कोण शिकवणार? बेचाळीस वर्षे दुकानांच्या पाट्या रंगवून मी रस्त्याने जाणाऱ्या माणसाला थांबायला लावले आहे. म्हणून पहिल्या पत्रावर लिहिले, "त्वरा करा!!! आजच वाचा!!!" आत फक्त तुझी खुशाली विचारली होती. दुसऱ्यावर, "शेवटची संधी! मुदत संपत आली!" त्यात माझी चूक झाली असे लिहिले होते, थोडे आडवळणाने. तिसऱ्यावर, "दुकान बंद होत आहे, अवश्य भेट द्या!" चौथ्यावर, "तुमच्यासाठी खास!!!", कारण तुझी कुंचल्यांची पेटी मी घासूनपुसून ठेवली होती, ते कळवायचे होते. लाल रंग मिळाला असता तर तोही दिला असता. पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी मी रीतसर "मालक" असे भरले.

उत्तर आले नाही. दर सोमवारी जाऊन पाहत असे. मनाशी म्हणालो, पोरगी आपल्या वळणावर गेली आहे, वाकणार नाही. आपणही वाकायचे नाही.

मागच्या आठवड्यात वाचनालयाचीच पाटी रंगवण्यास गेलो. मला एकट्याला शिडी चढताना पाहून बाई बाहेर धावत आल्या. "काका, उतरा आधी! मुलगी कुठे आहे तुमची?" मी म्हणालो, तिने मला टाकले. मग त्यांनी मला आत नेऊन मी पाठवलेली पत्रे उघडायला लावली. त्या विषयाच्या ओळी वाचत गेल्या आणि तोंडावर पदर धरून हसू लागल्या. "काका, हे बघून मी तुम्हाला साबण विकणारा समजले असते. मालक काय, शेवटची संधी काय! ही सगळी स्पॅममध्ये गेली असणार." दारावरच्या पहारेकऱ्यासारखे एक यंत्र असते म्हणे. जो आरडाओरडा करत येतो, त्याला ते भामटा समजून मागच्या कोठडीत टाकते. मला राग आला. बेचाळीस वर्षांची विद्या, आणि भामटा! पण पायरीवर बसून विचार केला, तेव्हा वाटले की यंत्राचे फारसे चुकले नाही. तूही तेच सांगून गेली होतीस.

बाई म्हणाल्या, "तिला समोर बसवून जे बोलाल, तेवढंच लिहा. उद्गारचिन्ह एकही नको. आणि नावाच्या जागी 'बाबा' घाला." मी लिहिले, "शिडी धरायला कोणी नाही." पुढचे तुला ठाऊक आहे.

आता या पत्राचे खरे कारण लिहितो. बाईंनी सांगितले की त्या कोठडीतले पत्र तीस दिवसांनी आपोआप नाहीसे होते. म्हणजे माझी चारही बरी पत्रे केव्हाच गेली. पाचवे मात्र आहे. ते मी बावीस दिवसांपूर्वी रागाच्या भरात पाठवले. विषय, "अंतिम सूचना!!!" दुकानाशी व माझ्याशी तुझा संबंध उरला नाही, सामान घेऊन जावे, असे त्यात आहे. आणि तुझी आई असती तर तिने तुझे तोंड पाहिले नसते, असेही आहे. ते वाक्य खोटे आहे. तुझी आई असती तर तिने मलाच दुकानाबाहेर बसवून तुला परत आणले असते. त्या यंत्राने ते पत्र तुझ्यापर्यंत येऊ दिले नाही, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. आणखी आठ दिवस गप्प बसलो असतो तर तुला कळलेही नसते. तसा विचार मी केला, हेही लिहून ठेवतो. परंतु पत्रे पाठवली होती म्हटल्यावर तू ती कोठडीत शोधत बसशील आणि नेमके तेवढेच हाती लागेल, ही धास्ती मला होती. आणि लपवून ठेवलेली ओळ घेऊन तुझ्यासमोर शिडी चढणे मला जमणार नाही. तू लहान होतीस तेव्हा खाली उभी राहून ओरडत असस, "बाबा, शेवटचं अक्षर उतरतंय!" ते ओळीखाली घसरलेले मला वरून कधीच दिसत नसे. मी ओरडून तुला गप्प करी, आणि मग गुपचूप पुसून पुन्हा काढी. हेही तसेच पुसतो आहे. ते पत्र उघडायचे की नाही, ते तू ठरव.

तुझाच, अजून पहिल्याच पायरीवर थांबलेला,
बाबा